खारट झाडं आणि आपली हाडं

आमच्या डोंगरकडा गावाहून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरच्या पुढे. समुद्रकाठच्या वनस्पतींची हिरवी भुकटी मात्र इथवर पोचली आहे. हळद काढणीनंतर कंबर धरून बसलेल्या एका मावशींनी पुडा पुढे केला, ‘‘यानं झिजलेली हाडं भरतात म्हणं.’’

आधी कंबरेचं पाहू. दिवसभर वाकून हळद काढली की दुखतात ते बहुतेक वेळा स्नायू. हाडं ठिसूळ होणं सहसा दुखत नाही. ते कळतं हाड मोडल्यावरच. म्हणजे चार दिवसांत कंबर मोकळी झाली, तर श्रेय पुड्याला नको, विश्रांतीला द्या.

पुड्यातला दावा अगदीच हवेतला नाही, आणि फसायला होतं ते त्यामुळेच. खाऱ्या जमिनीत तग धरताना वनस्पती क्वेर्सेटिनसारखी संरक्षक संयुगं बनवतात. किनाऱ्यावर पसरणाऱ्या मांसल पानांच्या सेसुव्हियममध्ये एक्डिस्टेरॉन असतं. अंडाशय काढलेल्या उंदरांच्या हाडांवर त्याचा चांगला परिणाम दिसला आहे. पण उंदीर तो उंदीर. या भुकटीनं माणसांची हाडं मोडण्याचं प्रमाण घटतं, हे अजून सिद्ध झालेलं नाही.

बरं, ही संयुगं फक्त समुद्रकाठीच मिळतात असंही नाही. क्वेर्सेटिन आपल्या कांद्यात आहे, एक्डिस्टेरॉन पालकात. आणि केळीच्या बागेत खुरप्यानं काढून बांधावर फेकतो ती लालसर देठांची घोळ? तीही खारेपणा बऱ्यापैकी सोसते. पण म्हणून घोळीचा रस काढून रोज पेलाभर पिऊ नका. तिच्यात ऑक्सलेट भरपूर असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, आणि मुतखड्याचा त्रास असलेल्यांना तर महागात पडू शकतं. भाजी म्हणून अधूनमधून खावी, छान लागते.

‘झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार?’ हे वाक्य तर घरोघरी. कोकणात कोळणी मोरस नावाची खारट भाजी उकडून, पाणी पिळून टाकूनच फोडणीला घालतात. वाळवलेल्या भुकटीत ते मीठ तसंच राहतं. रक्तदाब वाढवतं ते वेगळंच. जादा मिठाबरोबर कॅल्शियमही लघवीवाटे जातं. साधारण सहा ग्रॅम मिठामागे 40 मिलिग्रॅम. म्हणजे हाडांसाठी घेतलेलं औषध हाडांच्याच मुळावर!

भारतीय शिफारशीनुसार प्रौढांना रोज 1000 आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांना 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पेलाभर दुधातून, म्हणजे 200 मिलीतून, त्यातलं सुमारे 240 मिळतं. दही-ताकातूनही मिळतं. तिळात खूप असतं, पण सालीतलं ऑक्सलेट त्यातलं बरंचसं अडवतं.

मावशी, तो पुडा राहू द्या. आणि पाळी थांबल्यावर नुसत्या घसरण्यानं मनगट मोडलं, तर प्लास्टर निघालं की विषय संपवू नका. डॉक्टरांना हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी विचारा.