विजया, कुंडी आणि कायदा : पात्राच्या आकाराचा वनस्पतीच्या वाढीवर होणारा परिणाम

औषधाचा पाया द्रव्य आणि द्रव्याचा पाया भूमी होय. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भूमिपरीक्षेचा स्वतंत्र विचार आला आहे तो याचसाठी. आज चिकित्सालयाच्या गच्चीवर व फार्मसीच्या आवारात भूमीची जागा कुंडीने घेतली आहे. कुंडी लहान असल्यास वनस्पतीचे काय होते, आणि विजयेचे एखादे रोप कुंडीत लावण्यास हरकत आहे काय, हे दोन प्रश्न व्यवसायबंधूंकडून वारंवार येतात. त्यांचा येथे एकत्र विचार करीत आहोत.

आकारमान आणि वाढ

१५ सें.मी. व्यास व तेवढीच उंची असलेल्या सरळ कुंडीत सुमारे २.६ लिटर माती मावते, ३० सें.मी.च्या कुंडीत सुमारे २१ लिटर. माप दुप्पट झाले की माती आठपट होते. पूर्टर व सहकाऱ्यांनी २०१२ साली ६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार कुंडीचे आकारमान दुप्पट केल्यास वनस्पतीचे वस्तुमान सरासरी ४३ टक्क्यांनी वाढते. या हिशेबाने आठपट मातीत वाढ सुमारे तिप्पट होईल. म्हणजे कुंडीच्या प्रमाणात वाढ होत नाही, परंतु लहान कुंडीने होणारी हानी निश्चित आहे. या हानीचे मुख्य कारण म्हणजे पानाच्या प्रत्येक भागातील प्रकाशसंश्लेषण मंदावणे.

पाणी व नत्र लवकर संपते, मुळे कडेला गुंडाळत जातात आणि मुळांची वाढ थांबली की पानांत तयार झालेल्या अन्नाला मागणी राहत नाही. विजयाही या नियमास अपवाद नाही. तिचा फुलोरा प्रामुख्याने दिवसाच्या लांबीवर अवलंबून असल्याने दिवस लहान होताच खुजे रोपही फुलते. वाढीची राहिलेली कसर मग भरून निघत नाही.

नागपूरची परिस्थिती

विदर्भाची काळी माती भिजली की फुगते व सुकली की भेगाळते. कुंडीत केवळ हीच माती भरल्यास मुळांना हवा मिळत नाही. तळाशी पाणी साचणारा थर असतोच. उथळ कुंडीत तो एकूण मातीचा मोठा हिस्सा व्यापतो. उलट मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा लहान कुंडी दिवसभरही ओलावा धरीत नाही.

व्यवसायातील अर्थ

याच आढाव्यात प्रति लिटर मातीमागे शुष्क वस्तुमान १ ग्रॅमहून अधिक नसावे, असे सुचविले आहे. म्हणजे २१ लिटरच्या कुंडीत निर्बंध न येता वाढणारी संपूर्ण वनस्पती सुमारे २१ ग्रॅमची. त्यात मूळ हा केवळ एक भाग. अश्वगंधाचूर्णाची मात्रा दररोज ३ ते ६ ग्रॅम धरली, तर अशा एका कुंडीत एका रुग्णाचे आठवड्याचे औषधही होणे कठीण. म्हणून कुंडी ही ओळख, अध्यापन व रोपनिर्मितीसाठी; औषधपुरवठ्यासाठी शेतच हवे. शतावरी, सर्पगंधा, अश्वगंधा यांस खोल व रुंद पात्र द्यावे. तुळशीस मध्यम पात्र चालते. काळ्या मातीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे, तळाची छिद्रे मोकळी ठेवावीत आणि मुळे कडेला भिडताच रोप मोठ्या पात्रात हलवावे.

विजयेविषयी विशेष सूचना

वरील विवेचन विजयेच्या बाबतीत ज्ञानापुरतेच आहे. अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ नुसार परवान्याशिवाय कॅनाबिस वनस्पतीची लागवड हा गुन्हा असून कलम २० अन्वये दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा कुंडीचा आकार मोजत नाही. लहान कुंडीतील रोपालाही त्यात सूट नाही. वैद्यकीय पदवी किंवा फार्मसीचा परवाना म्हणजे लागवडीचा परवाना नव्हे. शेंड्यांविना असलेली पाने केंद्रीय व्याख्येबाहेर असली, तरी महाराष्ट्रात त्यांवर १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाचे नियंत्रण आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये भंगेचा समावेश असल्याने जातीफलादी चूर्णासारख्या कल्पांवर, वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना छापणेही बंधनकारक आहे.

तेव्हा विजया हवी असल्यास ती परवानाधारक पुरवठादाराकडून, पावती व नोंदवहीसह घ्यावी. अंगणातील कुंड्यांत मात्र ज्यांना कायद्याची आडकाठी नाही अशा वनस्पती, त्यांच्या मुळांना पुरेल एवढ्या मातीत वाढवाव्यात, अशी आमची सर्व व्यवसायबंधूंना व भगिनींना विनंती आहे.