दक्षिणेतील पूल आणि छपराचा प्रश्न

युरोप-अमेरिकेच्या ग्रामीण भागातील छपराचे लाकडी पूल हा तेथील स्थापत्येतिहासाचा एक आवडता विषय आहे. पुलाला छप्पर कशासाठी, याचे उत्तर पुष्कळदा वाटसरूच्या सोयीत शोधले जाते. वस्तुतः ते छप्पर माणसासाठी नसून लाकडासाठी असते. तुळयांच्या सांध्यांत पाणी मुरले की लाकूड कुजते आणि पूल अल्पकाळातच निकामी होतो. छपराखाली तोच सांगाडा कितीतरी पटींनी टिकतो. स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न येथील चौदाव्या शतकातला असा पूल १९९३ च्या आगीत बराचसा जळाला, तरी तो पुन्हा बांधून घेण्यात आला. अमेरिकेतील पहिला आच्छादित पूल मानला जातो तो फिलाडेल्फियाचा. टिमोथी पामर याने बांधलेला हा पूल १८०५ मध्ये पूर्ण झाला.

त्याच्या एकच वर्ष आधी, १८०४ मध्ये, म्हैसूर संस्थानात एक पूल उभा राहिला. आणि त्याने हाच प्रश्न अगदी निराळ्या रीतीने सोडविला. बेंगळूर हे नदीकाठचे शहर नव्हे. पठाराच्या उंचवट्यावर, तळ्यांच्या आधाराने ते वाढले. मोठ्या पुलाची गरज भासते ती तेथून म्हैसूरकडे जाताना, श्रीरंगपट्टणच्या बेटापाशी कावेरी आडवी येते तेथे. टिपूच्या पतनानंतर, १७९९ मध्ये, बालवयीन तिसऱ्या कृष्णराज वडियारांचे दिवाण झालेले पूर्णय्या यांच्या देखरेखीखाली हा पूल बांधला गेला. पूर्णय्या देशस्थ माध्व ब्राह्मण घराण्यातले. पूर्वी ते टिपूच्याच सेवेत होते.

या पुलात कमान नाही. पात्रात दगडी खांबांच्या रांगा, खांबांच्या माथ्यावर दोन्ही बाजूंस पुढे आलेले दगडी हस्त, त्यांवर दगडी तुळया आणि वर रस्ता, अशी त्याची रचना आहे. दगड दाब उत्तम सोसतो, पण वाकविणारा ताण त्याला सोसवत नाही. म्हणून दोन खांबांमधील अंतर थोडे ठेवावे लागते, आणि हस्तांमुळे तेही आणखी कमी होते. दक्षिणेतील देवळाचा मंडप पाहिलेल्या कोणालाही ही रचना ओळखीची वाटेल. खांब, हस्त, तुळई आणि शिळांचे छत हाच तिथला क्रम. येथे फरक इतकाच की मंडपाचे जे छत, तोच पुलाचा रस्ता झाला आहे. वर आणखी छप्पर घालण्याचे कारणच उरले नाही. हंपीजवळ तुंगभद्रेच्या पात्रात अजून उभ्या असलेल्या जुन्या पुलाच्या खांबांकडे पाहिले, म्हणजे ही पद्धत १८०४ पूर्वीची आहे याविषयी शंका राहत नाही.

असे असूनही या पुलाला नाव मिळाले ते वेलस्लीचे. हा वेलस्ली म्हणजे १८०३ मध्ये असईची लढाई जिंकणारा आर्थर नव्हे, तर त्याचा वडील बंधू, गव्हर्नर जनरल मार्क्विस वेलस्ली. सत्ताधाऱ्याचे नाव वास्तूस देणे ही त्या काळची राजनीती होती, आणि दिवाणांना ती टाळता येण्यासारखी नव्हती. परंतु नाव इंग्रजी म्हणून वास्तूही वसाहतकालीन आयात समजणे हा सरळ अन्याय आहे. नाव कलकत्त्याच्या अधिपतीचे असले, तरी बांधणी दाक्षिणात्य शिळाकामाची आहे.

लाकडी पुलाची परंपरा मराठी आणि कन्नड प्रदेशांतही आहे. तिचा शोध मात्र वास्तूंपेक्षा शब्दांत अधिक लागतो. मराठीत आज रूढ असलेला 'पूल' फारसीतून आला. कोकणातील ओढ्यावरचा 'साकव' हा संस्कृत 'संक्रम' शब्दाचा वंशज असून बंगालीतील 'साँको' त्याचाच भाऊ. मलनाड आणि करावळी भागांतील कन्नड 'संक', 'कालुसंक' हे शब्दही याच कुळातले दिसतात. सुपारीचे सोट ओढ्यावर आडवे टाकून केलेल्या कालुसंकाला कोणी छप्पर घालीत नाही. सोट कुजले की नवे टाकतात. कोकणात तर लाकूड जाऊन लोखंड आले, तरी लोक त्याला 'लोखंडी साकव' असेच म्हणतात.