हजारांतून एक वसाहत

दहा हजार घरांच्या नगरांत एकाच घरीं एक विवक्षित चोपडी आहे. ती शोधण्यासाठीं एकेक दार ठोठावूं गेल्यास आयुष्य पुरणार नाहीं. जंतुशास्त्रज्ञांपुढें असाच प्रश्न होता. बशींतील प्रत्येक ठिपका म्हणजे एकाच जंतूच्या असंख्य वंशजांची वसाहत. आणि हवा तो डीएनएचा तुकडा त्यांतल्या एखादींतच असावयाचा!

१९७५ सालीं अमेरिकेंतील ग्रुनस्टाइन व हॉगनेस यांनीं सर्व दारें एकदम ठोठावण्याची युक्ति काढली. तिचें एक रूप असें: नायट्रोसेल्युलोजच्या पातळ पटलावर वसाहतींचा ठसा घेतात. तो कॉस्टिक सोड्याच्या द्रावणावर ठेवला कीं जंतु फुटतात, डीएनएचे जुळे धागे विलग होतात. मग सोड्याचा प्रभाव शमवून पटल ८० अंश सेंटिग्रेडवर तापवलें म्हणजे धागे जागच्या जागीं चिकटतात. शोध्य तुकड्याशीं जुळणारा, किरणोत्सर्गी फॉस्फरसची खूण केलेला धागा त्यावर सोडतात. तो आपला जोडीदार गांठतो. उरलेला धुऊन जातो. वर छायाचित्राची फिल्म ठेवली कीं जोडी जमली तेथें काळा ठिपका उमटतो.

परंतु पटलावरील वसाहत साक्ष देण्यापूर्वींच मेलेली असते! तिचा जिवंत वंश मूळ बशींतच उरतो. म्हणून ठसा घेतांना पटल व बशी दोहोंस एकदम, विषम अंतरावर, सुईनें तीन छिद्रें पाडतात. तीं विसरलीं तर ठिपका दिसेल, पण घर सांपडणार नाहीं.