चेनसॉ घेताय? आधी एवढं बघा

ताईंनो, वेडी बाभूळ तोडायला गटाच्या कर्जातून चेनसॉ घ्यायची चर्चा बैठकीत निघते. नुसती किंमत बघू नका. वायरची मशीन हलकी, पण वीज असेल तिथंच चालते. बांधावर पेट्रोलचीच लागते. चेन-ब्रेक हवाच. सुटे भाग केडगाव-दौंडला मिळतात का, तेही विचारा.

पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल पुस्तिकेप्रमाणंच मिसळा. 50:1 असेल तर लिटरला 20 मिली. नुसतं पेट्रोल टाकलं की पिस्टन जाम. मशीन बंद, हप्ता मात्र चालू! चेनचं तेल वेगळं, तेही भरा. भुशाऐवजी पीठ पडायला लागलं, की मशीन बंद करून चेनला कानस मारा. पट्टीच्या टोकानं कापू नका, मशीन अंगावर उसळते.

मशीन भाड्यानं देताना तेल मोजायचं मापही सोबत द्या.