पिंपल आलाय? येऊ दे की!

उद्या प्रेझेंटेशन आणि आज नेमका हनुवटीवर पिंपल! सातारा असो की सांगली, आरशासमोरचं टेन्शन सेमच. पहिली गोष्ट, फोडू नका. पिंपल काही दिवसांत जातो, फोडलेल्याचा डाग महिनोन्महिने राहतो.

सांगलीची हळद जगात भारी, २०१८ मध्ये तिला जीआय मानांकनही मिळालं. पण आदल्या रात्री हळद-लिंबाचा लेप नको. लिंबाने चेहरा चुरचुरतो, हळदीने पिवळा दिसतो. आणि मैत्रिणीने सुचवलेली ‘गोरं करणारी’ क्रीम तर नकोच नको. त्यात स्टेरॉइड असेल तर चार दिवस चेहरा चमकतो, मग पिंपल आणखी उसळतात. म्हणूनच २०१८ मध्ये सरकारने अशा कित्येक क्रीम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली.

मग करायचं काय? दोनदा सौम्य फेसवॉश, ऑइल-फ्री मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. स्कूटीवर बांधायचा स्कार्फ रोज धुतलेला. केस कपाळावरून मागे, शर्टला कडक इस्त्री, नखं कापलेली, बूट पुसलेले. नीटनेटकं दिसायला एवढं पुरतं.

दुखऱ्या गाठी येत असतील तर मात्र स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. डाग पडायची वाट बघू नका.