'ङ'ला काम मिळालं

आपल्या केंद्रावर तुम्ही ज्या मुलाखती ऐकता, त्या आधी शब्द न् शब्द टाइप कराव्या लागतात, हे फारसं कुणाला माहीत नसतं. हे काम आम्ही तिघी करतो. थांबवा, मागे घ्या, पुन्हा ऐका, टाइप करा. अर्ध्या तासाच्या बोलण्याला अडीच-तीन तास सहज जातात. त्यात कुणी प्राथमिक आरोग्य केंद्राबद्दल बोलायला लागलं, की बोटं कुरकुरतात. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर या तीन शब्दांना, मधल्या जागा धरून, 22 कळा दाबाव्या लागतात. मोजून बघा.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. लांब शब्दाला एक छोटं रूप ठरवायचं, संगणकाला ते एकदाच सांगून ठेवायचं. मग आपण छोटं रूप टाइप करून स्पेस दिली, की पूर्ण शब्द आपोआप उमटतो. आम्ही लिबरऑफिस रायटर वापरतो. त्यात टूल्स मेनूत ऑटोकरेक्ट ऑप्शन्स उघडायचं. वरच्या बाजूला भाषा विचारतात, तिथे मराठी निवडायची. ही पायरी विसरू नका. आम्ही विसरलो होतो. सगळी यादी इंग्रजीच्या खात्यात जमा झाली आणि मराठी टाइप करताना काहीच घडेना. मग 'रिप्लेस'च्या चौकटीत छोटं रूप, 'विथ'च्या चौकटीत पूर्ण शब्द, 'न्यू' दाबायचं, शेवटी ओके. वर्डमध्येही ऑटोकरेक्ट असतं. गूगल डॉक्समध्ये ही सोय टूल्स, प्रेफरन्सेस, सब्स्टिट्यूशन्स अशी सापडते.

इथवर सोपं आहे. आम्ही चुकलो ते पुढे.

आमच्या मुलाखतींत आशा ताईंचा उल्लेख सारखा येतो. म्हणून आम्ही 'आशा' एवढं टाइप केलं की 'आशा स्वयंसेविका' उमटेल, अशी सोय केली. महिनाभर सगळं झकास चाललं. मग एका आजींची मुलाखत उतरवली. प्रसारणाआधी मजकूर ज्याचा त्याला वाचून दाखवायचा, हा आमचा नेम आहे. वाचता वाचता आमच्यातली एक म्हणाली, "माझी आशा स्वयंसेविका सहा महिन्यांची असताना गेली." आजी काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बाई, माझी लेक होती ती."

आजींनी पन्नास वर्षांनी त्या लेकीचं नाव कुणासमोर घेतलं होतं, आणि आम्ही ते असं लिहिलं. टाइप करताना आमची नजर पुढच्या वाक्यावर होती. शब्द आमच्या पाठीमागे बदलला होता. त्या रात्री जुन्या सगळ्या प्रती उघडल्या, 'आशा स्वयंसेविका' शोधत गेलो आणि प्रत्येक जागी आवाज पुन्हा ऐकला. आणखी दोन ठिकाणी तेच झालेलं निघालं. एका ठिकाणी तर बाई पावसाची आशा आहे म्हणत होत्या.

तेव्हा छोटं रूप म्हणून बोलण्यातला खरा शब्द कधीच घेऊ नका. 'का', 'बस', 'गट' हे तर मुळीच नको. इंग्रजीत टाइप करणारे अशा रूपाच्या आधी अपूर्णविराम लावतात, पण इन्स्क्रिप्टवर त्या कळेवर छ बसलेला आहे. आम्हाला ङ सापडला. शाळेत क ख ग घ च्या मागून घोकलेला हा बिचारा 'वाङ्मय' सोडलं तर कुणाला फारसा भेटत नाही, आणि मराठी शब्दाच्या सुरुवातीला येतच नाही. शिफ्ट धरून ह ची कळ दाबली की तो येतो. आता 'ङप' म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, 'ङब' म्हणजे बचत गट, 'ङआ' म्हणजे आशा स्वयंसेविका. 'ङऐ' दिलं की 'ऐकू येत नाही' अशी खूण पडते, त्यामुळे न कळलेल्या जागी अंदाजानं शब्द घालायचा मोह होत नाही.

मराठीत आणखी एक पंचाईत असते. स्पेस दिल्यावर शब्द उमटतो, मग त्याला प्रत्यय जोडायचा कसा? आम्ही नेहमीची रूपं वेगळी नोंदवली: 'ङग' ग्रामपंचायत, 'ङगत' ग्रामपंचायतीत, 'ङगच' ग्रामपंचायतीच्या. क्वचित लागणारी रूपं सरळ हातानं टाइप करतो. यादी चाळीसच्या वर गेली की लक्षात राहत नाही, असा आमचा अनुभव आहे.

आणि बाई जे बोलली त्याला सुधारण्यासाठी ही सोय वापरू नये. ती 'मालक' म्हणाली तर 'पती' उमटता कामा नये, 'व्हतं'चं 'होतं' होता कामा नये. ऑटोकरेक्टच्या यादीत असल्या दुरुस्त्या कुणी आधीच घालून ठेवल्या असतील तर त्या काढून टाका.

नको तिथे शब्द बदललाच, तर लगेच कंट्रोल धरून झेड दाबा, आपलं मूळचं परत येतं. यादी एका वहीतही उतरवून ठेवा, कारण संगणक बदलला तर ती सोबत येत नाही. आमची वही टेबलाच्या खणात असते. तिच्या पहिल्या पानावर 'आशा' लिहून त्यावर काट मारलेली आहे.