गाय गाभडणें : एका सांसर्गिक रोगाचा विचार

सहा-सात महिन्यांची गाभण गाय गाभडली, कीं वासरूं जातें, वेत फुकट जातें आणि दुधासहि मुकावें लागतें. पुष्कळ घरीं याचा दोष दैवावर किंवा दृष्टीवर घालून मृत गर्भ उकिरड्यावर टाकतात. आमच्या मतें मोठें नुकसान तेथूनच सुरू होतें. कारण त्या गर्भाबरोबर रोग साऱ्या गोठ्यांत पसरतो.

गाय मार लागून, विषारी वैरणीनें अथवा अन्य रोगांनींहि गाभडते. परंतु गोठ्यांत एकामागून एक गायी गाभडूं लागल्या, तर सांसर्गिक गर्भपाताचा, म्हणजे ब्रुसेलोसिसचा, संशय घ्यावा. डेन्मार्कमधील पशुवैद्य बर्नहार्ड बँग यांनीं या रोगाच्या जंतूचा शोध १८९७ सालीं प्रसिद्ध केला. गर्भाशय आणि गर्भाचीं आवरणें यांच्यामध्यें सांचलेल्या स्रावांत त्यांना तो आढळला.

हा जंतु बहुधा दूषित वैरण-पाण्यांतून, किंवा गाभडलेल्या गायीचा स्राव दुसरीनें चाटल्यामुळें, पोटांत जातो. वार ज्या बटणासारख्या गाठींनीं गर्भाशयास चिकटलेली असते, तेथें त्याची झपाट्यानें वाढ होते. कारण गायीच्या वारेंत एरिथ्रिटॉल नांवाचा एक गोड पदार्थ असतो व तो या जंतूस फार मानवतो. गाठी सुजून सडूं लागतात आणि गर्भाचें पोषण तुटतें. जंतु पाणमोटेंतील पाण्यांत उतरतो. गर्भ तें पाणी गिळतो व त्याच्या पोटांत आणि फुप्फुसांत जंतु भरतात. म्हणूनच प्रयोगशाळेंत मृत गर्भाच्या पोटांतील द्रव तपासतात. गर्भ बहुधा पांचव्या महिन्यानंतर पडतो. कधीं दिवस भरून वासरूं जन्मतें, पण अशक्त निपजून लवकर मरतें. वार अडकते, गर्भाशयास सूज येते व गाय पुढें वारंवार उलटते.

यांत एक फसवणूक आहे. बहुतेक गायी एकदांच गाभडतात व पुढचें वेत पुरे करतात. मालकास वाटतें, रोग गेला. परंतु त्या वेताचें पाणी, वार व दूध यांतूनहि जंतु बाहेर पडूं शकतात.

यास्तव गाय गाभडतांच तिला निराळी बांधावी व पशुवैद्यास बोलावून तिचें रक्त तपासून घ्यावें. तपासणीसाठीं लागेल तेवढें पशुवैद्यांनीं घेतल्यावर गर्भ, वार व भिजलेलें गवत कुत्र्यांस उकरतां येणार नाहीं अशा खोल खड्ड्यांत चुना घालून पुरावें. जागा जंतुनाशकानें धुऊन तिच्यावर ऊन पडूं द्यावें; उन्हांत हे जंतु लवकर मरतात, ओल्या सावलींत दीर्घकाळ टिकतात.

हा रोग माणसासहि होतो. अडकलेली वार उघड्या हातांनीं ओढणारास चढउताराचा ताप, घाम व सांधेदुखी जडूं शकते. गरोदर स्त्रीचाहि गर्भपात होऊं शकतो. तिला या कामापासून दूर ठेवावें. दूध उकळल्यावांचून कोणींहि पिऊं नये.

रोग जडलेल्या गायीस खात्रीचा उपचार नाहीं. प्रतिबंध हाच उपाय. सप्टेंबर २०१९ मध्यें सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमांत ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी व पारड्या यांस आयुष्यांत एकदां लस टोंचण्याची योजना आहे. लशींत जिवंत जंतु असल्यानें ती पशुवैद्यांकडूनच टोंचून घ्यावी. गाभण जनावरास देऊं नये.

शेवटीं एक विनंति. गाभडलेली गाय ती गोष्ट लपवून बाजारांत विकूं नये, आणि नवी गाय रक्ततपासणीवांचून गोठ्यांत घेऊं नये. आज शेजाऱ्याच्या दावणीस बांधलेला रोग उद्यां सामायिक पाणवठ्यावरून आपल्याच गोठ्यांत परत येतो.